ठकूचा डबा

दुकान,
३ मार्च, सोमवार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांची सर्दी गेली, भूक परत आली, माझ्यावर ओरडण्याइतका आवाजही परत आला. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. जिने चढू नकोस म्हटलं की मुद्दाम चढणारी तू, म्हणून फार सांगत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोनवर तुझ्याशी दोन शब्द बोलायला गेलं की बाबा काठी टेकत शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, "स्पीकरवर टाक." नजर अधू झाल्यापासून त्यांचे कान भलतेच तिखट झालेत. मग मी दोन वाक्यं बोलते आणि उरलेला वेळ तुम्ही दोघं बोलता. म्हणून हे दुकानात बसून, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या कागदांवर लिहितेय. जे पिवळे डाग दिसतायत ते वॉर्निशचे आहेत. सकाळपासून एका पंख्याची कॉइल भरत होते.

तुझी यादी मिळाली. तीन हब, प्रत्येकाखाली गुण-दोष, आणि पहिल्या नंबरच्या हबाखाली दोन रेघा. वर हब म्हणजे काय हेही समजावलंयस: दिवे, पंखे, सेन्सर, सगळ्यांची भाषा ज्याला कळते असा घरातला मध्यस्थ. बरं झालं सांगितलंस. मी सव्वीस वर्षं लोकांच्या भिंतीत वायरी ओढतेय, मला कुठून कळायला?

चिडले नाहीये. तुझी समजावण्याची पद्धत चांगली आहे. बाबांना तर यादी पाठच झालीय. वाचून दाखवली ही माझीच चूक. आता उठता बसता तेच. "मोठे, पहिल्या नंबरचा हब नेट गेलं तरी चालतो. सगळं डोकं त्याचं स्वतःचं, घरातल्या घरात. आत बॅटरी आहे." दाढी करून देताना तेच, जेवताना तेच. काल शेजारचा सुतार चहा प्यायला आला तर त्यालाही ऐकवलं. सुतार बिचारा मान डोलवत होता. बाबांना मान डोलवलेली दिसत नाही, त्यामुळे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

परवा तुमचा फोन पन्नास मिनिटं चालला. मी भांडी घासत ऐकत होते. न्यूट्रल, लोड, रिले, अर्थिंग. ठकू, हे शब्द बाबा आजवर घरात फक्त माझ्याशी बोलत आले. लहानपणी तुला टेस्टर दिला तर तू त्याने पाटीवर चित्रं काढायचीस. फ्यूज उडाला की तू अंधारात गाणी म्हणायचीस आणि मी बाबांच्या मागे शिडी धरून उभी असायचे. आई म्हणायची, एक बाबांची आणि एक माझी. आई गेली, तू शिकायला गेलीस, मोठमोठ्या इमारतींचे दिवे लांबून चालू-बंद करायच्या कंपनीत लागलीस. त्याचा मला आनंदच आहे. तुझी बढती झाली तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना मीच सांगितलं होतं. पण ते तुझं तिकडचं होतं. हे घर, ह्या वायरी, हा म्हातारा आणि त्याच्याशी कामाचं बोलणं, हे इकडचं आहे.

जाऊ दे. सांगायचं होतं ते वेगळंच. हब मी शनिवारी आणला. तुझ्या यादीतला नाही.

पहिल्या नंबरचा मिळायला दहा दिवस लागले असते. शिवाय ज्याच्याकडून मी माल उचलते तो म्हणाला की हा जास्त खपतो, तक्रारी नाहीत. पांढरा, गोल, साबणाच्या डबीएवढा. दिसायलाही बरा आहे. नेट लागतं त्याला, पण नेट काय, असतंच की चोवीस तास. बसवायचा मला आहे, बिघडला तर शिव्या मी खायच्या आहेत, मग निवडायचाही मीच. एवढा अधिकार तर आहे ना मला?

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "ठकूला विचारलंस का?"

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


दुकान,
२६ मार्च, बुधवार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा झाला हे ऐकून जिवात जीव आला. बाबा मजेत आहेत. मीही ठीक आहे, फक्त खांदे भरून आलेत. का ते सांगते.

हब बसवणं म्हणजे वायर लावायची, फोनवर दोन बटनं दाबायची आणि झालं, असं तू बाबांना सांगितलं होतंस. तुझ्या नव्याकोऱ्या इमारतींमध्ये होत असेल. आपल्या घरात मी पहिला स्विचबोर्ड उघडला आणि कपाळावर हात मारला. आत न्यूट्रलची, परतीची वायरच नाही. पस्तीस वर्षांपूर्वी बाबांनी वायर वाचवायला न्यूट्रल सरळ दिव्याकडे नेली आणि बोर्डात फक्त फेज आणली. तेव्हा सगळे तसंच करायचे. पण हे नवे स्विच न्यूट्रलशिवाय जागे होत नाहीत. मी बाबांना म्हटलं, "कोणत्या शहाण्याने हे वायरिंग केलंय?" तर म्हणाले, "त्याच्या हाताखाली बारा वर्षांची एक शहाणी बॅटरी धरून उभी होती." दोघंही हसलो. फार दिवसांनी तसे हसलो, ठकू.

मग तीन खोल्यांत भिंत खणून नवी वायर ओढली. चार दिवस घरात धूळ. बाबा खुर्ची टाकून मध्ये बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "छिन्नी तिरकी लागतेय." आणि तिरकीच लागत असायची. ते चार दिवस फार छान गेले.

पाचव्या दिवशी हब लावला. ॲप उघडलं, त्याने घराचं नाव विचारलं, खोल्यांची नावं विचारली, मालक कोण आणि बाकी माणसं कोण ते विचारलं. मालक म्हणून मी माझं नाव घातलं. तुला बाबांच्या हट्टामुळे घेतलंय. तुला तिकडून घर दिसतं, दिवे लावता येतात, हे माझ्या परवानगीने आहे हे लक्षात असू दे. गंमत करतेय.

प्रत्येक सेन्सरच्या पोटात एक बारीक बटन असतं, ते पिनेने दाबून धरायचं, मग हब त्याला ओळखतो. सगळे ओळखले, पॅसेजचा सोडून. तोच महत्त्वाचा. बाबांना उजेड असला की कडा दिसतात, अंधारात काहीच नाही, आणि पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघरात उतरायच्या त्या दोन पायऱ्या, दिव्याचं बटन त्या उतरल्यावर. कोणी आलं की आपोआप दिवा लागला पाहिजे म्हणून तर हा सगळा खटाटोप. दोन दिवस मी त्या सेन्सरशी झटत होते. तीन वेळा काढला, तीन वेळा लावला. तिसऱ्या दिवशी दुकानातून आले तर बाबा म्हणाले, "ठकू म्हणते हब स्टीलच्या कपाटावर ठेवू नका. धातूने लहरी अडतात. घराच्या मध्यावर, लाकडी फळीवर ठेवा." मी ठेवला. सेन्सर एका मिनिटात सापडला. बाबा म्हणाले, "बघ." एवढा एकच शब्द. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आता सगळं चालतं. बाबा खुर्चीत बसून म्हणतात, "पंखा कमी कर." डबा बाईच्या गोड आवाजात "करते" म्हणतो आणि पंखा कमी होतो. बाबा म्हणतात, "शाबास." सव्वीस वर्षांत मला दोनदा शाबासकी मिळालीय. ह्या डबीला दिवसाला अकरा मिळतात. मी मोजल्यात.

आणि ते त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? "ठकूचा डबा." मी आणला, मी निवडला, मी भिंती खणल्या, आणि डबा ठकूचा. सुतार विचारतो, "कसा चालतोय ठकूचा डबा?" मी दोनदा सुधारलं. मग नाद सोडला.

खरं सांगू? घर फार शांत झालंय. आधी संध्याकाळभर चालायचं, मोठे दिवा लाव, मोठे पंखा बघ, मोठे बाहेरचा लागला का. मी वैतागायचे, तुला फोनवर कितीदा रडगाणं गायलंय. आता हाक येत नाही. मी स्वयंपाकघरात उभी असते आणि बाहेर ते त्या डब्याशी बोलत असतात.

हो, एक राहिलं. मधे दोनदा डबा बंद पडला, एकदा गेल्या बुधवारी आणि एकदा काल. नेट गेलं होतं. आमच्या भागात जातं कधी कधी. दोन्ही वेळा मी जेवून दुकानात परतले आणि मागाहून गेलं. दुकान चार घरं सोडून. बाबांच्या फोनवर मोठी बटनं आहेत, एक दाबलं की मी, दोन दाबलं की तू. त्यांनी एक दाबलं असतं तर मी पाच मिनिटांत हजर झाले असते. त्यांनी दोन दाबलं. काल सव्वा तास बोललात. इतकं काय बोललात? नेट गेलं तर गेलं, मी संध्याकाळी येऊन बघितलं आणि आलंसुद्धा.

तू म्हणालीस की ह्या हबातही एक सोय आहे, पॅसेजचा दिवा तेवढा नेटशिवाय चालेल असं करता येईल, तू तिकडून करून देशील. कृपा करून भानगडीत पडू नकोस. मी इथे आहे.

काळजी घे.

तुझी,
ताई


दुकान,
१७ एप्रिल, गुरुवार

प्रिय ठकू,

बाबांचं मोडलेलं मनगट जुळतंय. काल डॉक्टरांनी बघितलं, हाड सरळ बसलंय, प्लॅस्टर अजून महिनाभर. उजवा हात असल्यामुळे जेवण मी भरवते. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून सकाळी बरोबर घेऊन येते, समोरच्या लाकडी खुर्चीत बसवते. आत्ताही समोरच बसलेत. मी काय लिहितेय विचारलं, म्हटलं बिल.

ते दिवसभर माझ्याजवळ असतात. मला हेच हवं होतं. पण ते बोलत नाहीत. फोन मांडीवर धरून बसतात आणि डाव्या अंगठ्याने दोन नंबरचं बटन चाचपत राहतात. दाबत नाहीत. "ठकू कामात असेल," म्हणतात. तू दोन दिवसांआड फोन करतेस, बरे आहात ना, औषध घेतलं ना, आणि ठेवून देतेस. पूर्वी तुमचे तास तास चालायचे. तू रडत म्हणाली होतीस की यापुढे मी त्या घरातल्या कशालाही हात लावणार नाही, आणि तू शब्द पाळतेयस.

ठकू, तुझ्यामुळे झालं नाही. मी प्लग काढला होता.

आता एकदा लिहिलंय तर सगळंच लिहिते. हबापासून सुरुवात करते. माल देणाऱ्याने मला काहीही सांगितलं नव्हतं. तो उलट म्हणाला होता की दहा दिवस थांबा, पहिल्या नंबरचा चांगला आहे. मी तो घेतला नाही कारण त्याच्याखाली तुझ्या दोन रेघा होत्या. दोनदा नेट गेलं तेही गेलं नव्हतं. दाराच्या वर नेटची पेटी आहे, बाबांचा हात पोचत नाही तिथे. तिची वायर मी सैल करून दुकानात यायचे आणि फोनसमोर बसायचे. माझ्या हबाला नेटशिवाय काही सुचत नाही. आता ते मला हाक मारतील, असं म्हणून मी खरोखर पंखा बाजूला ठेवून वाट बघायचे. सत्तेचाळीस वर्षांची बाई.

मग शुक्रवारी तू तो बदल करून दिलास. शनिवारी दुपारी जेवताना बाबा किती खूश होते काय सांगू. "आता नेट असो नसो, पॅसेजचा दिवा लागणार. तिकडे बसून केलं, मोठे. भिंतीला हात लावला नाही पोरीने." मी तीन भिंती खणल्या होत्या. माझ्या नखांतली धूळ अजून गेली नव्हती. मी ताट उचललं, हात धुतले, फळीपाशी गेले आणि हबाचा प्लगच काढला. मला वाटलं, आता काय करेल बघू. काय करेल बघू, हे मी कुणाबद्दल म्हटलं तेही मला माहीत आहे. मी जळत होते, ठकू. दुसरा शब्द नाही. तू बाबांपासून इतकी लांब असून त्यांच्या इतकी जवळ कशी, ह्यावर मी महिनाभर जळत होते.

सातच्या सुमाराला घरी आले तर बाबा पायऱ्यांखाली बसलेले. ओरडत नव्हते. हात पोटाशी धरलेला. मी त्यांना उचललं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आणि डॉक्टरांना फोन लावण्याच्या आधी जाऊन प्लग लावला. हे मी कोणाला सांगेन असं वाटलं नव्हतं. मी परत येत होते तेव्हा माझ्या डोक्यावर पॅसेजचा दिवा लागला. बाबांनी मान वर केली आणि विचारलं, "झालं काम?" मला वाटलं, कळ सोसवत नाही म्हणून काहीतरी बरळतायत.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. तू विचारलंस, ताई, माझ्या कालच्या बदलामुळे तर नाही ना? मी म्हटलं, आता त्यावर बोलून काय उपयोग. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस, तेव्हा म्हटलं, शुक्रवारपर्यंत नीट चालत होता एवढं खरं. किती बेताचं बोलले बघ. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी तू तिकडे हमसून रडलीस. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी एक क्षण बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

कदाचित मी हे गिळून टाकलं असतं. दिवस जातात, हाड जुळतं, माणसं विसरतात. पण काल एक झालं.

सुताराच्या दुकानाचा आणि आपला मीटरबोर्ड एकच, हे तुला आठवत असेल. काल त्याची लाइन वारंवार जात होती म्हणून मी त्याचा फ्यूज काढून टेबलावर ठेवला आणि आत वायर बघत होते. त्याला घाई होती. तो आला, म्हणाला, "झालं असेल एव्हाना," आणि फ्यूज उचलून बोर्डाकडे निघाला. बाबांना दिसत नाही, पण चिनी मातीचा फ्यूज टेबलावरून उचलल्याचा आवाज त्यांना चांगला ओळखता येतो. ते खुर्चीतून इतक्या जोरात ओरडले की मी आतून पळत आले.

"ठेव तो. तिने काढलाय."

सुतार म्हणाला, "अहो काका, लावायचाच तर आहे."

"ज्याने काढला त्यानेच लावायचा. आत तिचा हात असेल तर? तू इकडे लावशील आणि ती तिकडे चिकटेल. माझ्या दुकानात चाळीस वर्षांत दुसऱ्याने काढलेला फ्यूज कुणी लावलेला नाही."

मला हे नवीन नाही. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला हेच शिकवलं होतं. फ्यूज असो, स्विच असो, प्लग असो, कामावरच्या माणसाने काढला तर तो त्याच्याच हाताने लागणार. आणि काढलेली वायर कशी ठेवायची तेही शिकवलं होतं: दोन वेढे घालून, पिना वर करून. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की ती निसटलेली नाही, मुद्दाम काढलीय, काम चालू आहे. माझ्या हाताला ती सवय अशी लागलीय की रागातसुद्धा मी तशीच ठेवते.

सुतार ओशाळून हसला. बाबांना वाटलं जरा जास्तच ओरडलो, म्हणून ते त्याला समजावू लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने बोलत होते. म्हणाले, "मी स्वतः पाळतो बाबा. त्या शनिवारी डबा बोलेना. हात लावला तर गार. चालू असला की कोमट असतो. मग वायर धरून चाचपत गेलो तर प्लग फळीवर. दोन वेढे, पिना वर. म्हटलं, मोठीचं काम चालू आहे. ठकूने आदल्या दिवशी काहीतरी बदललं होतं, ते ती तपासत असणार. प्लग हातात होता माझ्या. लावला असता तर दिवा लागला असता. पण तिने काढलेला मी कसा लावणार? फोनही केला नाही, म्हटलं तिला कामात कशाला त्रास. गेलो तसाच अंधारात, आणि पडलो." आणि प्लॅस्टरचा हात वर करून दाखवत ते हसले. "मनगट मोडलं, पण नियम नाही मोडला."

सुतारही हसला. मी टेस्टर हातात धरून उभी होते.

मग बाबांनी माझ्या दिशेला तोंड केलं. "विचारायचं राहूनच गेलं, मोठे. काय निघाला बिघाड?"

मी म्हटलं, "बघतेय अजून." ते म्हणाले, "बघ सावकाश. घाई नको."

रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको.

तुला फोन का केला नाही विचारशील. फोनवर तू रडलीस की मी पुन्हा काहीतरी बेताचं बोलेन. माझी मला खात्री आहे. कागदावर खोडता येतं, पण मी काही खोडलं नाही, बघ. हे पोचेल तेव्हा तू आधी बाबांना फोन कर. पूर्वीसारखा लांबलचक. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. ॲपमध्ये आज सकाळी तुला मालक केलंय. मी उपकार करतेय असं समजू नकोस. मला त्या डब्याजवळ एकटं सोडू नये एवढंच.

बाबांना मी आज दुकान बंद करताना सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

ते ओरडणार नाहीत. ओरडायचं ते फ्यूज उचलणाऱ्यावर ओरडतात. घरात मला काही कमी पडणार नाही, उद्याही मीच त्यांना भरवेन, दुकानात आणेन. फक्त पुढच्या वेळी मी काढलेली एखादी वायर त्यांच्या हाताला लागली की ते क्षणभर थांबतील आणि विचारतील, मोठे, हे कामासाठी काढलंयस ना? सव्वीस वर्षांत त्यांनी मला हे एकदाही विचारलेलं नाही. तुझ्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं, ते हे होतं, ठकू. आणि मी महिनाभर तुझ्या वाट्याच्या गप्पा मोजत बसले.

आत्ता त्यांनी विचारलं, किती मोठं बिल आहे हे? मी म्हटलं, झालंच.

संध्याकाळपर्यंत बाबांच्या भरवशाची,
तुझी ताई